गोव्यात स्कूबा शिकायचंय? फॉर्मपासून कार्डापर्यंतची वाट, पायरी पायरीने

गेल्या डिसेंबरात सांगलीचं एक जोडपं आमच्या बोटीवर आलं. "मागच्या वर्षी आम्ही स्कूबा केलंय, आता ते बुडालेलं जहाज बघायचंय," असं म्हणत वहिनींनी मोबाइलमधला फोटो दाखवला. फोटोत दोघांनी अंगठे वर केले होते आणि दोघांच्याही मागे, सिलिंडरच्या तोंडाशी, एकेक हात दिसत होता. तो हात इन्स्ट्रक्टरचा. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "मस्त चाललंय" असा होत नाही, "वर जाऊ या" असा होतो. मस्त आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. प्रशिक्षित डायव्हरचं कार्ड आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "सर्टिफिकेट दिलं होतं की, घरी फ्रेम करून लावलंय."

त्यांची यात काहीच चूक नव्हती. स्कूबा म्हणून त्यांना जे विकलं गेलं, तेच त्यांनी घेतलं. पण ते प्रशिक्षण नव्हतं, आणि भिंतीवरचा तो कागद सहभागाचा होता. मी फोंड्याची. गेली काही वर्षं डाइव्हमास्टर म्हणून मराठी विद्यार्थ्यांच्या मदतीला जलतरण तलावावर आणि बोटीवर जाते. हाच घोळ मला दर हंगामात दिसतो. म्हणून हे सगळं ओळीने लिहिते आहे.

आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय हवंय

गोव्यात "स्कूबा" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात.

पहिली म्हणजे ओळखीची डाइव्ह. पाडी या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेत तिला डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग म्हणतात. थोडी माहिती, उथळ पाण्यात दोन-चार कौशल्यं, आणि मग इन्स्ट्रक्टरच्या थेट देखरेखीखाली जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. हौस आहे की नाही हे कळायला ती उत्तम. तिच्यावर पुढे कुठे इन्स्ट्रक्टरशिवाय डाइव्ह करता येत नाही.

दुसरी म्हणजे स्कूबा डायव्हर. हा अर्धा कोर्स. कार्ड मिळतं, पण १२ मीटरपर्यंत आणि कायम व्यावसायिक डायव्हरच्या सोबतीनेच. तीन दिवसांची सुट्टी नसेल तर हा पर्याय बरा, उरलेलं नंतर पूर्ण करता येतं.

तिसरी म्हणजे ओपन वॉटर डायव्हर. खरा कोर्स हा. तो पूर्ण केला की आपल्याच पातळीच्या बडीबरोबर, म्हणजे जोडीदाराबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय, १८ मीटरपर्यंत जाता येतं, आणि हे कार्ड जगभर चालतं. या लेखातला "कोर्स" म्हणजे हाच. वय किमान १० वर्षं. १० ते १४ वयाच्या मुलांना ज्युनियर कार्ड मिळतं आणि त्यांच्यासोबत मोठं माणूस असावंच लागतं.

पाडी की एसएसआय? हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही

स्कूबा शिकवून कार्ड देणाऱ्या संस्था अनेक आहेत. पाडी १९६६ साली सुरू झाली, एसएसआय १९७० साली, नावी (NAUI) त्यांच्याही आधीची. सीएमएएस हा १९५९ साली स्थापन झालेला जागतिक महासंघ, त्याचे पहिले अध्यक्ष जॅक-इव्ह कुस्तो. गोव्यात पाडी आणि एसएसआय ही नावं जास्त ऐकाल.

या सगळ्यांच्या मागे एक समान मोजपट्टी आहे, ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची. ओळखीच्या डाइव्हसाठी मानक क्रमांक १११२१. देखरेखीखालच्या डायव्हरसाठी २४८०१-१, स्वतंत्र डायव्हरसाठी २४८०१-२, डाइव्ह लीडरसाठी २४८०१-३, आणि इन्स्ट्रक्टरसाठी २४८०२. पाडीचा ओपन वॉटर काय किंवा एसएसआयचा ओपन वॉटर काय, दोन्ही २४८०१-२ मध्ये बसतात. म्हणून एका संस्थेचं कार्ड दुसऱ्या संस्थेच्या केंद्रात चालतं, आणि पुढचा कोर्सही तिथे करता येतो.

माझं स्पष्ट मत असं, की संस्थेचं नाव निवडण्यात दोन दिवस घालवू नका, ते दोन दिवस इन्स्ट्रक्टर निवडण्यात घालवा.

महिना कोणता

गोव्यात डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि बोटी बंद असतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मांडवी-झुआरीने आणलेला गाळ अजून पाण्यात असतो, म्हणून मी ओळखीच्यांना नोव्हेंबरनंतर यायला सांगते. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा मात्र टाळा. बोटी भरलेल्या असतात, आणि घाईत शिकवलेलं घाईतच विसरतं.

इथलं बहुतेक डायव्हिंग वास्को-बोगमाळोसमोरच्या ग्रँड आयलंडच्या आसपास होतं. सुझीज रेक, डेव्ही जोन्स लॉकर, शेल्टर कोव्ह ही नावं बोटीवर कानावर पडतील. पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. चार-पाच मीटरपुढचं दिसलं तर दिवस चांगला म्हणायचा. आमचा होडीवाला सकाळी पाण्यात वाकून बघतो आणि म्हणतो, "आयज उदक गडूळ आसा," आणि पर्यटकांचे चेहरे उतरतात. शिकणाऱ्याचा चेहरा उतरायचं कारण नाही. कमी दिसत असताना बडीला नजरेआड न होऊ देणं, होकायंत्रावर विश्वास ठेवणं, तळाशी फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) न घासणं या सवयी इथे लागतातच. ज्याने इथे नीट शिकलं त्याला पुढे नितळ पाणी सोपं जातं.

केंद्राला विचारायचे प्रश्न

फोनवरच विचारा, लाजू नका. हे प्रश्न विचारणं हा शिकणाऱ्याचा हक्क आहे.

इन्स्ट्रक्टरचं नाव आणि नंबर मागा. पाडीचा असेल तर पाडीच्या प्रो चेक पानावर तो नंबर टाकून त्याचा दर्जा सध्या चालू आहे का, हे कुणालाही बघता येतं. माझ्यासारखा डाइव्हमास्टर मदत करू शकतो, पण ओपन वॉटर कोर्स शिकवू शकत नाही. शिकवणारा इन्स्ट्रक्टरच असावा लागतो.

एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती, हे विचारा. पाडीच्या नियमात समुद्रात मदतनीसाशिवाय एकामागे जास्तीत जास्त ८ विद्यार्थी चालतात, ओळखीच्या डाइव्हला ४. हे आकडे कमाल आहेत. गोव्याच्या गढूळ पाण्यात आठ जण एका नजरेत मावतच नाहीत, म्हणून चारच्या वर असतील तर मी दुसरं केंद्र शोधेन.

कोर्स किती दिवसांचा, हे विचारा. समुद्रातल्या चार डाइव्ह किमान दोन वेगळ्या दिवशी व्हाव्या लागतात आणि एका दिवसात तीनपेक्षा जास्त प्रशिक्षण-डाइव्ह घेता येत नाहीत. त्याआधी तलावातली पाच सत्रं. कुणी "दोन दिवसांत सगळं उरकू" म्हणालं, तर तलावाचा भाग कधी होणार ते विचारा आणि उत्तर नीट ऐका.

बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, आणि तो वापरायचं प्रशिक्षण कुणाला आहे? जवळची रीकंप्रेशन चेंबर, म्हणजे डाइव्हनंतरच्या त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली, कुठे आहे? पर्यटन खात्याची नोंदणी आहे का? ज्या केंद्राकडे या तिन्हींची उत्तरं तयार असतात, तिथली साधनंही बहुधा नीट असतात.

पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी एक सोय सांगते. थिअरी आणि तलावाचा भाग आपल्या शहरात करून फक्त चार समुद्री डाइव्ह गोव्यात करता येतात. याला रेफरल म्हणतात. पाडीत ती नोंद १२ महिने चालते. सुट्टी कमी असलेल्यांना हा मार्ग फार उपयोगी पडतो.

वैद्यकीय फॉर्म: इथे खोटं बोलू नका

पैसे भरण्याआधी हा फॉर्म घरी मागवून घ्या. त्यात १० मुख्य प्रश्न असतात. दमा, फुप्फुसं, हृदय, कान-सायनस, फिट्स, मधुमेह, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधं, गरोदरपण, आणि ४५ च्या पुढच्यांसाठी धूम्रपान, रक्तदाब वगैरे. सगळी उत्तरं "नाही" असतील तर सही पुरते. काही प्रश्नांना "हो" असेल तर डॉक्टरांची सही लागते. हे गोव्यात आल्यावर कळलं तर सुट्टीचा एक दिवस डॉक्टर शोधण्यात जातो, म्हणून घरूनच तपासून या.

मी स्वतः पहिल्यांदा पाण्यात उतरले ती ओळखीच्या डाइव्हसाठीच. सर्दी होती. फॉर्म बोटीवर, वाऱ्यात फडफडत, "इथे सही करा ताई" म्हणून समोर आला आणि मी न वाचता सही केली. तीन मीटरवर डाव्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. मला थांबायची खूण माहीत नव्हती, म्हणून मी तशीच खाली गेले. पुढचे दोन आठवडे त्या कानात सतत पाणी असल्यासारखं वाटत होतं. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नका, तिचा असर खालीच संपला तर वर येताना कानात-सायनसमध्ये हवा अडकते.

थिअरी: एवढं तरी पक्कं समजून घ्या

लेखी भाग पाच प्रकरणांचा असतो, ऑनलाइन करता येतो, शेवटी परीक्षा आणि पाडीत ७५ टक्क्यांना उत्तीर्ण. चुकलेले प्रश्न इन्स्ट्रक्टरने समजावून द्यायचे असतात. इंग्रजी अडत असेल तर मराठीत समजावून मागा, गोव्यात मराठी बोलणारे इन्स्ट्रक्टर मिळतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाबाची. बार हे दाब मोजायचं एकक. पृष्ठभागावर १ बार, आणि समुद्रात दर १० मीटरला आणखी १. म्हणजे १० मीटरवर २, २० वर ३. आमचे इन्स्ट्रक्टर एक रिकामी, झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली बरोबर नेतात. दहा मीटरवर ती चेपून चपटी होते, आतली हवा निम्म्या जागेत मावते. मग तिथे रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या साधनातून) तिच्यात हवा भरून पुन्हा झाकण लावायचं आणि वर आणायचं. पाच मीटरवर ती टणक होते, आणि पृष्ठभागाजवळ झाकण सैल केलं की फुस्स करून हवा सुटते. त्या बाटलीच्या जागी आपलं फुप्फुस आहे असं समजा. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निघाला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

कानांचंही तेच. दर मीटरला, दुखायच्या आधी, नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं. नाही मोकळं झालं तर थोडं वर या आणि पुन्हा करा. जोर लावू नका.

हवेचा हिशोबही याच नियमातून येतो. दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या दुप्पट हवा लागते. सिलिंडर साधारण २०० बारला भरलेला असतो, आणि ५० बार उरलेले असतानाच आपण बोटीपाशी असायला हवं.

तलाव: इथे वेळ घ्या

सुरुवातीला पोहण्याची चाचणी असते. २०० मीटर सलग, वेळेचं बंधन नाही, किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्केल लावून ३०० मीटर. मग १० मिनिटं तरंगणं. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे अवघड जात नाही. पोहताच येत नसेल तर आधी गावच्या तलावात तीन महिने घाला, मग या.

मग साधनं जोडणं. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली हायड्रो टेस्टची, म्हणजे सिलिंडरच्या दाब-चाचणीची, तारीख वाचायला इथेच शिका. व्हॉल्व्ह उघडल्यावर दाबमापकाचा काटा बघत रेग्युलेटरमधून चार श्वास घ्या. काटा थरथरला किंवा खाली पडला, तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायला मदत करणारं जॅकेट, फुगवून, रिकामं करून बघा. राखीव रेग्युलेटर, म्हणजे ऑक्टोपस, कुठे अडकवलाय ते न बघता हाताला सापडलं पाहिजे.

बहुतेकांचं अडतं ते मास्कवर. मास्कमध्ये पाणी घ्यायचं, पूर्ण भरू द्यायचं, आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. वाचायला सोपं आहे. पण नाकापाशी पाणी आलं की शरीर आपोआप वर धाव घेतं. गेल्या हंगामात इचलकरंजीचे एक काका होते, वय ५४. चार वेळा उठून उभे राहिले, पाचव्यांदा मास्क काढून म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही." इन्स्ट्रक्टरने त्यांना मास्क बाजूला ठेवायला सांगितलं. गुडघाभर पाण्यात, मास्क नाही, फक्त रेग्युलेटर तोंडात आणि चेहरा पाण्यात. दहा मिनिटं नुसतं तेवढंच. तोंडाने घ्या, तोंडाने सोडा. नाकात पाणी शिरतंय असं वाटलं की नाकातून थोडीशी हवा सोडा. हळूहळू त्यांचे बुडबुडे एका लयीत यायला लागले. मग मास्क लावला, पाव भरला, मान किंचित वर, वरची कड कपाळाशी दाबून धरली, नाकाने लांब फुंकर. पाणी खालून निघून गेलं. काकांनी डोळे उघडले, समोर बघितलं, आणि बोटांचा गोल केला. त्या दिवशी पुढचं एकही कौशल्य झालं नाही आणि इन्स्ट्रक्टरने घाई केली नाही. प्रमाणित कोर्सचा अर्थच हा. पातळी गाठल्याशिवाय पुढे जायचं नाही, मग त्याला एक दिवस लागो की तीन.

रेग्युलेटर सुटला तर हात उजवीकडून मागे फिरवून शोधणं, बडीकडून हवा घेणं, हवा संपल्याची खूण, तरंगत एका जागी राहणं, हे सगळं इथेच. यातलं तरंगणं लोक हलक्यात घेतात. किमान ३० सेकंद, हात न हलवता, ना वर ना खाली. ते जमलं की समुद्रात हवाही कमी लागते आणि प्रवाळावर लाथही बसत नाही.

समुद्रातल्या चार डाइव्ह

पहिल्या दोन १२ मीटरपर्यंत, शेवटच्या दोन १८ मीटरपर्यंत जाऊ शकतात. गोव्यात प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून उथळच होतात, त्यात काही कमीपणा नाही. तलावातलंच सगळं इथे पुन्हा करून दाखवायचं, शिवाय होकायंत्राने सरळ जाऊन परत येणं आणि हवा संपल्यासारखं धरून, आवाज काढत, हळू वर येणं.

आदल्या रात्री पोटभर झोप आणि दारू नाही. बोट लागणाऱ्यांनी सकाळी हलकं खावं, पण उपाशी येऊ नये. खाली जाण्यासाठी कमरेच्या बेल्टवर वजन बांधतात. खाऱ्या पाण्यात ते तलावापेक्षा दोन-तीन किलो जास्त लागतं, तेव्हा बेल्ट पुन्हा तपासून घ्या. वर येताना मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. काहीही चुकीचं वाटलं तर अंगठा वर. कुठलाही डायव्हर, कुठल्याही क्षणी, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्यावर कुणी नाराज व्हायचं नसतं.

घरी परतताना: विमान आणि घाट

हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. डाइव्हमध्ये शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात आपण उंचीवर गेलो, हवेचा दाब कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखणं, मुंग्या येणं, कातडीवर चट्टे, न समजणारा थकवा ही त्याची लक्षणं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा सल्ला असा: एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८ तास. कोर्स दुसऱ्या प्रकारात येतो. मी सरळ २४ तास धरायला सांगते. दाबोळीहून जा की मोपाहून, शेवटच्या डाइव्हनंतरचा पूर्ण दिवस किनाऱ्यावर काढा.

विमानाचं बऱ्याच जणांना माहीत असतं. घाटाचं नसतं. हा सल्ला साधारण ६०० मीटरपासून वरच्या उंचीला धरून दिलेला आहे, आणि आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. चोर्ला घाट त्याहून उंच. म्हणजे दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळी कोल्हापूर किंवा बेळगावच्या गाडीत बसलात, तर तीन-चार तासांत तुम्ही त्या उंचीवर असता. सांगलीच्या त्या जोडप्याने रात्रीच्या बसचं तिकीट आधीच काढलेलं होतं. आम्ही ते बदलायला लावलं. मुंबईकडच्यांना कोकण रेल्वे सोयीची, ती किनाऱ्याच्या बाजूने, असा घाट न चढता जाते. प्रवासात वरची लक्षणं दिसली तर गाडी खाली वळवा, ऑक्सिजन मिळेल अशा रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना "मी डाइव्ह केली होती" हे पहिलं वाक्य सांगा.

कार्ड मिळाल्यावर

कार्ड हल्ली मोबाइलवरच येतं. त्याची मुदत संपत नाही, पण हात विसरतो. वर्षभर पाण्यात गेला नसाल तर पुढच्या वेळी आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, घ्या. पुढची पायरी ॲडव्हान्स्ड. त्यात पाच डाइव्ह, खोल पाणी आणि दिशाशोधन सक्तीचे, मर्यादा ३० मीटर. हा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर करावा असं मी सुचवते. गोव्यातली बरीच केंद्रं तिथे नेतात आणि पाणी इथल्यापेक्षा स्वच्छ असतं. त्यानंतरचा रेस्क्यू कोर्स मात्र ज्याला खरंच डायव्हिंगची गोडी लागली आहे त्याने करावाच. आपल्यापेक्षा बडीकडे बघायला तो शिकवतो. डाइव्हमास्टरसाठी वय १८ आणि शेवटी ६० नोंदवलेल्या डाइव्ह लागतात.

नोंदवलेल्या, म्हणून लॉगबुक पहिल्या डाइव्हपासून लिहा, बोट किनाऱ्याला लागायच्या आत, ओल्या हातानेच. तारीख, जागा, खोली, वेळ, किती बारने सुरू आणि किती बारला बाहेर, पाणी किती दिसत होतं. आणि एक रकाना लोक नेहमी रिकामा सोडतात, तो भरा: कुठला सूट घातला होता, आणि बेल्टवर किती किलो होते. पुढच्या ऑक्टोबरात बोटीवर पाय ठेवलात की इन्स्ट्रक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.